वारसास्थळाचा आराखडा करताना या चुका टाळा

वारसास्थळांचे बहुतेक व्यवस्थापन आराखडे कामांच्या यादीनेच सुरू होतात: इथे गिलावा, तिथे फरशी, दर्शनी भागावर दिवे. वास्तू मुळात कशामुळे झिजते आहे, हे कुणी विचारलेलेच नसते. मग पैसे खर्च होतात, उद्घाटन होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे पुन्हा सुटतात.

ओलीवर सिमेंट थापणे

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते, तशी बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा थर चढला की ओलीची वाट बंद होते. पाणी आत अडकते, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि शेवटी दगडाचेच ढलपे निघतात. वरून भिंत ठणठणीत दिसते, म्हणून हे कळायला उशीर होतो.

लोणा (भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार) दिसला तर गवंड्याला बोलावण्याआधी पाण्याचा माग काढा. पन्हळ तुंबली आहे का? छताच्या सांध्यातून झिरपते आहे का? नव्या फरसबंदीमुळे बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच झाली आहे का? भर पावसात छत्री घेऊन वास्तूभोवती एक फेरी मारा. कोरड्या दिवसांत लिहिलेल्या जाडजूड अहवालात नसलेल्या गोष्टी दिसतील. कारण दूर झाल्यावर भिंत वाळू द्या. जाड भिंतीला त्यासाठी कित्येक महिने लागतात आणि नेमकी इथेच आर्थिक वर्षाची घाई आडवी येते. वाळल्यावर मूळ मिश्रणाशी जुळणारा चुनाच वापरा.

मागे न फिरवता येणारा उपाय

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते निकोलाओस बालानोस यांनी संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन कारागीर गंज लागू नये म्हणून अशा लोखंडाभोवती शिसे ओतत. या वेळी ते झाले नाही. लोखंड गंजून फुगले आणि दगड तडकला. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात त्या पट्ट्या काढून टायटॅनियम वापरावे लागले. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी लावलेले लाखेचे रोगणही पुढे पिवळे पडले. दोन्हीकडे हेतू चांगलाच होता. म्हणून नवे साहित्य आधी नजरेआडच्या छोट्या भागावर लावून सगळे ऋतू पाहा. काय लावले, कुठे, किती प्रमाणात, याची नोंद ठेवा. पुढच्या माणसाला ते काढायचे असू शकते.

गर्दीचा हिशेब तिकीट खिडकीवर

फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडली. पुढे रोज सुमारे १,२०० माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि दमटपणा चित्रांना सोसला नाही. शेवाळ वाढले आणि १९६३ साली गुहा बंद करावी लागली. किती जण आत सोडायचे हे वाहनतळाच्या आकारावरून नव्हे, तर सर्वांत नाजूक दालनावरून ठरवा. आर्द्रता, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड मोजा आणि कोणत्या आकड्यावर प्रवेश थांबेल हे आधीच लिहून ठेवा. गर्दीच्या दिवशी ते ठरवायला बसलात, तर दार उघडेच राहील.

कुंपणाशीच आराखडा संपवणे

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराजवळच्या एल्बे नदीच्या खोऱ्याचे जागतिक वारसा यादीतले स्थान २००९ मध्ये गेले, ते नदीवरच्या नव्या पुलामुळे. दृश्य, निचरा, रहदारी यांना हद्द कळत नाही. आसपासचे रहिवासी आणि तिथे पूजा-प्रार्थना करणारे लोक पहिल्या बैठकीलाच हवेत, मसुदा छापून झाल्यावर नव्हे.

‘संबंधित विभागाने’ हा शब्दप्रयोग

तो दिसला की समजा, काम होणार नाही. पन्हळ कोणत्या पदावरचा माणूस, कोणत्या महिन्यात, कुठल्या निधीतून साफ करणार, हे लिहा. आगीचेही तसेच. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम या जुन्या चर्चला आगीचा इशारा मिळाला होता, पण पहिली तपासणी चुकीच्या जागी झाली. प्रत्येक इशाऱ्याची जागा रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पाठ असायला हवी, आणि तालीमही रात्रीच घ्या.

भेग दिसल्यावर लगेच बुजवणे

बुजवलेली भेग वाढते आहे की थांबली आहे, हे मग कळत नाही. आधार निसटतो आहे असे वाटले तर तात्पुरते टेकू लावून लगेच अभियंत्याला दाखवा. एरवी दोन्ही कडांवर खुणा करा, तारीख घाला आणि किमान वर्षभर अंतर मोजत राहा. ऋतूंबरोबर उघडझाप होऊन भेग पूर्वपदावर येत असेल तर ती तापमानाची किंवा ओलीची. एकाच दिशेने रुंदावत असेल तर पाया तपासायला घ्या.