दुरून संगणक दुरुस्त करायचा असेल तर आधीची तयारी

दुकान दांडिया बाजारात, कारखाना मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आणि हिशेब बघणारे रावपुऱ्यात, अशी मांडणी बडोद्यात नेहमीची. तिन्हीकडचे संगणक एकाच माणसाला सांभाळायचे असतील तर मे महिन्याच्या उन्हात स्कूटर दामटण्यापेक्षा पलीकडचा स्क्रीन इथूनच उघडणं केव्हाही बरं. पण ही जोडणी नेमकी गरजेच्या वेळी दगा देते आणि कारण बहुतेकदा पलीकडच्या टोकाला असतं. म्हणून पुढची तयारी सगळं सुरळीत असताना, त्या संगणकासमोर स्वतः बसून उरकावी.

आधी साधन ठरवा. विंडोजसाठी अशी तीन आहेत: रिमोट डेस्कटॉप, रिमोट असिस्टन्स आणि क्विक असिस्ट. रिमोट डेस्कटॉपने आत शिरलात की समोर बसलेल्या माणसाचा स्क्रीन लॉक होतो. शिवाय ज्या संगणकात शिरायचं तिथे विंडोज होम असेल तर ते चालतच नाही, प्रो लागतं. रिमोट असिस्टन्समध्ये दोघांना एकच स्क्रीन दिसतो आणि ते होमवरही चालतं. एकाच इमारतीतल्या, एकाच नेटवर्कवरच्या संगणकांना ते पुरतं. दोन टोकं वेगवेगळ्या इंटरनेटवर असतील तर क्विक असिस्ट घ्या. ते ४४३ या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार), म्हणजे साध्या वेबसाइटच्याच वाटेने जातं, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. विंडोज १० मधलं जुनं अंगभूत क्विक असिस्ट २०२२ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं नवं आधीच टाकून, एकदा उघडून पाहा. मायक्रोसॉफ्ट खातं मदत करणाऱ्याला लागतं, घेणाऱ्याला नाही.

मग एक कागद करा. संगणकाचं नाव, विंडोजची आवृत्ती, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), गेटवे (सहसा राउटरचा पत्ता), डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय), इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड स्लॅश ऑल लावून दिली की यातलं बरंच एका जागी मिळतं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, पुढचं काही तपासू नका, आधी केबल किंवा वायफाय बघा. कागद कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका.

रिमोट असिस्टन्ससाठी सिस्टिम प्रॉपर्टीजच्या रिमोट टॅबमध्ये परवानगीची खूण हवी, आणि तिथल्याच अॅडव्हान्स्डमध्ये दुरून ताबा घेऊ देण्याचीही. मदत मागणारा आमंत्रणाची जी फाइल पाठवतो, तिची मुदत मुळात ६ तासांची असते. सकाळी पाठवलेलं आमंत्रण संध्याकाळी चालत नाही ते यामुळे. पलीकडच्या माणसाने वाट पाहणारी खिडकी बंद केली तरी ते आमंत्रण वाया गेलं. त्या फाइलमध्ये त्या क्षणाचा आयपी पत्ता असतो, म्हणून मधल्या वेळात केबल काढून वायफायवर गेलात तरी नवं आमंत्रण करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी सोय, आणि तीही एका साध्या गोष्टीमुळे. राउटर बदलला की विंडोज त्या जोडणीला नवं नेटवर्क समजतं आणि बरेचदा पब्लिक, म्हणजे परक्यांचं, ठरवून मोकळं होतं. फायरवॉलमधली रिमोट असिस्टन्सची परवानगी सहसा प्रायव्हेट, म्हणजे आपल्या नेटवर्कपुरती असते. काल चालत होतं, आज नाही, मधे कोणी काही केलं नाही असं सांगितलं जातं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: इंटरनेटवाल्याने नवा डबा बसवला का? नेटवर्क आपल्याच ऑफिसचं असेल तर सेटिंग्जमध्ये ते प्रायव्हेट करा. अँटीव्हायरसची वेगळी फायरवॉल असेल तर तिच्यातही परवानगी द्या, ती विंडोजचं ऐकत नाही.

घड्याळ विसरू नका. जुन्या संगणकात मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, त्यामुळे क्विक असिस्ट उघडतच नाही आणि सगळे इंटरनेटला दोष देतात. फोनवर एवढंच विचारा, "काकू, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?" वर्ष चुकीचं निघालं तर तारीख हाताने बरोबर करून काम उरका आणि पुढच्या फेरीत बॅटरी बदला.

जोडणी झाली, आणि प्रोग्राम टाकायला गेलात की आपल्याकडचा स्क्रीन काळा होतो. लाइन तुटलेली नसते. परवानगी विचारणारी विंडोजची खिडकी सुरक्षित स्क्रीनवर येते आणि ती दुरून दिसत नाही. पलीकडच्याने 'होय' दाबलं की चित्र परत येतं. पण तिथला माणूस साध्या खात्यावर असेल तर त्याच्याकडे अॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो कोणाकडे आहे हे आजच ठरवा.

तपासणी क्रमाने करा. आधी नावाने पिंग (पलीकडचा संगणक उत्तर देतो का ते बघणारी कमांड), मग आयपीने. आयपीने उत्तर आलं आणि नावाने नाही, तर गोंधळ नावाच्या नोंदीत आहे. मात्र पिंगला उत्तर नाही म्हणजे संगणक बंद, असं धरू नका, विंडोजची फायरवॉल ते अडवू शकते. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडला संगणकाचं नाव आणि पोर्ट द्या. रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९, आमंत्रणाशिवाय मदत देऊ करायची असेल तर १३५. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर वाट मोकळी आहे.

व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या बंदिस्त वाटेवर, एक फसवी तक्रार येते: पासवर्ड घेतो, मग काळा स्क्रीन. इथे पॅकेटचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, आकार बघा. फायबरच्या पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लागणाऱ्या) जोडणीत १५०० पैकी ८ बाइट तिथेच जातात, उरतात १४९२, आणि व्हीपीएन आणखी खातं. पलीकडच्या संगणकाला पिंग करताना तुकडे न करण्याचा पर्याय, म्हणजे डॅश एफ, आणि डॅश एल पुढे आकडा द्या. १४६४ पासून दहा-दहाने खाली या. उत्तर येणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्यात २८ मिळवा आणि तो एमटीयू, म्हणजे पॅकेटचा सर्वांत मोठा आकार, व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये भरा.

राउटरवर ३३८९ थेट इंटरनेटला उघडू नका. पासवर्डवर दिवसरात्र मारा सुरू होतो. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो कंपनीने अनेकांत वाटलेला पत्ता आहे, तिथे पोर्ट उघडूनही काही होत नाही.

विजेचं म्हणाल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, एक असून भागत नाही. संगणकाचं आपोआप झोपणं बंद करा. उत्तरायणात, १४ आणि १५ जानेवारीला, गच्चीवरून गेलेली केबल मांज्याने तुटू शकते. त्या दोन दिवसांसाठी मोबाइल हॉटस्पॉट आधी जोडून पाहावा.

पलीकडच्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवा: फोन आपण केला असेल तरच क्विक असिस्टचा कोड टाकायचा किंवा सांगायचा. बँकेतून, कंपनीतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही. चुकून कोणाला आत घेतलंच आणि पैसे गेले तर आधी इंटरनेट तोडून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. हा नंबर त्या कागदावर सगळ्यात वर, जाड अक्षरात लिहा.