काट्याच्या कॉम्प्युटरवर अपडेट टाकण्याआधीची तयारी

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. जळगावजवळच्या एका जिनिंगमधून गेल्या सीझनला सकाळी सातला फोन आला, "भाऊ, काटा बंद पडना!" काटा धडधाकट होता. रात्री टाकलेल्या बिलिंगच्या अपडेटने काटा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या सिरीयल केबलचा ड्रायव्हर (ती केबल चालवणारा प्रोग्राम) बदलला, तिच्या पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ झाला, आणि वजन स्क्रीनवर येईना. गाडीवान उन्हात ताटकळले. तेव्हापासून अपडेट आधी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरवर टाकतो, आधीचा आणि नंतरचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डिस्कची गोठवलेली नोंद) ताडून पाहतो, मगच काट्याला हात लावतो.

पहिलं काम, काट्याच्या कॉम्प्युटरची हुबेहूब प्रत. डिस्कची प्रत काढणाऱ्या डिस्क टू व्हीएचडी या प्रोग्रामने ती करून व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला जोडा. सिरीयलची यूएसबी केबलही आत दिसली पाहिजे, नाहीतर ड्रायव्हरची परीक्षाच होत नाही. ६० जीबी भरलेल्या डिस्कच्या दोन पूर्ण प्रतींना १२० जीबी लागतील, तेवढी जागा मोकळी करा. यूपीएस तपासा, कारण मध्येच लाइट गेली तर प्रत अर्धवट राहते.

अपडेटचा इन्स्टॉलर पहिल्या स्नॅपशॉटच्या आधीच व्हर्च्युअल मशीनच्या आत आणून ठेवा, चालवू नका. मग नेटवर्क तोडा, म्हणजे विंडोज अपडेट मध्ये लुडबुडणार नाही. हायबरनेशन (मेमरी डिस्कवर ठेवून झोपणं) बंद करा. त्यासोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे अर्धवट बंद होऊन लवकर सुरू होण्याची सोयही जाते आणि शटडाउन खरोखरचं होतं. स्नॅपशॉट मशीन बंद असतानाच घ्या.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते काम. काहीच न टाकता मशीन एकदा चालू-बंद करा, दुसरा स्नॅपशॉट घ्या आणि हे दोन आधी ताडा. पेजफाइल, प्रीफेच, इव्हेंट लॉग, टेम्प फायली, कितीतरी बदललेलं दिसेल. विंडोजची ही रोजची खळबळ आहे. तिची यादी वेगळी जपून ठेवा. ती नसेल तर खरा बदल त्या ढिगाऱ्यात हरवतो, आणि माझ्या मते निम्मी चुकीची निदानं इथूनच निघतात.

मग अपडेट टाका, मशीन बंद करून तिसरा स्नॅपशॉट घ्या आणि तो दुसऱ्याशी ताडा. ताडायला मी लिनक्सवर व्हर्ट-डिफ वापरतो, दोन डिस्कमधल्या फायलींचा फरक दाखवणारा प्रोग्राम. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटच्या फाइलीत फक्त फरक असतो, ती एकटी उघडून उपयोग नाही. प्रत्येक स्नॅपशॉटचा पूर्ण क्लोन काढा. चेकसमचा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा ताडण्याचा पर्याय आठवणीने द्या. तो न दिल्यास आतला मजकूर बदलूनही आकार तेवढाच राहिलेली फाइल सुटून जाते. सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरवर आधी नजर टाका. रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जची वही) फायली बदललेल्या दिसतीलच, पण आत काय बदललं ते तशाने कळत नाही, त्यासाठी दोन्हीकडची रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ओळ न ओळ ताडा.

एक गोष्ट मात्र डिस्कवर शोधून सापडणार नाही. कोणता पोर्ट कोणत्या नावाने चालू आहे ती रजिस्ट्रीतली सिरीयलकॉम नावाची नोंद विंडोज प्रत्येक वेळी सुरू होताना मेमरीत बांधतं. म्हणून मशीन चालू असतानाच ती अपडेटआधी एकदा आणि नंतर एकदा एक्स्पोर्ट करा. आमचा कॉम ५ तिथे पहिल्याच ओळीत दिसला असता.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तेव्हा काट्याच्या खऱ्या डिस्कची इमेज वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. अपडेट संध्याकाळी शेवटची गाडी खाली झाल्यावरच टाका, आणि पोर्टचा नंबर कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, मुनीमजींना दिसेल असा.