पोर्टफोलिओसाठी माइंड मॅप आणि स्केचबुक: या चुका टाळा

कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाचा संच, तयार करणाऱ्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचा हात सहसा कच्चा नसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांचा सराव शाळेतच झालेला असतो. तरीही अनेकांचे पोर्टफोलिओ एकमेकांसारखे दिसतात. परीक्षेत पूर्ण झालेले चित्र तपासले जाते. पोर्टफोलिओत मात्र ते कसे सुचले, वाटेत काय सोडून दिले आणि का बदलले, हेही पाहिले जाते. हे सांगणारी दोन साधने म्हणजे माइंड मॅप (मध्यभागी विषय लिहून त्यातून फांद्यांसारखे शब्द आणि कल्पना पसरवत नेणारा आराखडा) आणि स्केचबुक (रोजच्या रेखाटनांची आणि नोंदींची वही), आणि नेमकी हीच दोन्ही सगळी चित्रे झाल्यावर, शेवटच्या पंधरवड्यात, मागितली आहेत म्हणून उरकली जातात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

कामाला लागण्यापूर्वी आपल्याला पोर्टफोलिओ लागणार आहे का, हे पाहून घ्यावे. राज्यातील बी.एफ.ए. या कला पदवीच्या प्रवेशासाठी जी एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा घेतली जाते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान यांची परीक्षा असते. काही खासगी डिझाइन संस्था आणि परदेशांतील बहुतेक कला महाविद्यालये पोर्टफोलिओ मागतात; ब्रिटनमधील फाउंडेशन, म्हणजे पदवीपूर्व पायाभूत, अभ्यासक्रमांच्या प्रवेशात तर स्केचबुकची पाने आवर्जून पाहिली जातात. सीईटीपुरतीच तयारी करणाऱ्याला हे सगळे सक्तीचे नाही, परंतु संकल्पचित्राच्या पेपरात 'काय काढू' म्हणून अडून बसणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

मधल्या वर्तुळातच चूक होते

माइंड मॅपच्या मध्यभागी 'निसर्ग', 'स्त्री', 'पर्यावरण' किंवा 'शेतकरी' असा शब्द लिहिला की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. 'शेतकरी' म्हटले की बैल, नांगर, पाऊस, कर्ज या फांद्या कोणाच्याही वहीत त्याच क्रमाने फुटतात, आणि त्यातून निघणारे चित्रही भेगाळलेल्या जमिनीवर आकाशाकडे पाहणाऱ्या म्हाताऱ्याचेच असते. निवड समितीने ते चित्र इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यातले चांगले रेखाटनही डोळ्यांआड होते.

विषय हातात मावेल इतका लहान करावा. रावेर-यावल पट्ट्यातील विद्यार्थ्याने 'केळी' असे लिहिण्यापेक्षा 'केळीचा घड बागेतून ट्रकपर्यंत' असे लिहून पाहावे. पहिल्या शब्दातून फळ, पिवळा रंग, जीवनसत्त्वे आणि प्रसाद एवढेच निघते. दुसऱ्यात क्रिया आहे, आणि क्रियेबरोबर माणसे, वजन, अंतर, आवाज आणि वास आपोआप येतात: घड कापणारा कोयता, ओझ्याखालची चुंबळ, बांधावरून चालताना एका बाजूला झुकलेली मान, घडांना मार लागू नये म्हणून खाली अंथरलेली पाने, उष्ण वाऱ्याने चिरफाळलेली उभी पाने, आणि कापणी करणाऱ्यांच्या कपड्यांवरचे चिकाचे डाग.

यातली एकच फांदी पुढे नेऊन पाहू. केळीचा चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, पण कापडावर वाळला की तपकिरी-काळा पडतो आणि साबणाने जात नाही. म्हणून 'डाग' या शब्दापाशी न थांबता विचारावे की तो सदऱ्यावर नेमका कुठे पडतो. घड खांद्यावर घेतला तर खांद्यावर आणि पाठीवर. म्हणजे डागांवरून त्या माणसाने ओझे कसे वाहिले ते कळते. तेथून दोन वाटा फुटतात. एक वाट जुन्या सदऱ्याच्या अभ्यासचित्रांकडे जाते: सदरा खुंटीवर, सदरा अंगात, सदऱ्याची फक्त पाठ. दुसरी वाट विचारते की हा चीकच शाई म्हणून वापरता येईल का. मग पांढऱ्या सुती कापडाच्या चिंध्यांवर चीक लावून पहिल्या दिवशीची आणि चौथ्या दिवशीची छटा शेजारी शेजारी चिकटवली जाते. याच फांदीजवळ 'खोडाचा आडवा काप' लिहिले तर त्यातली एकात एक बसलेली कमानींची रचना आणि जाळीदार पोकळ्या ठशासाठी तयार मिळतात. एवढे झाल्यावर विद्यार्थ्याच्या हाती स्केचबुकची दहा-बारा पाने येतात, आणि ती दुसऱ्या कोणाची असू शकत नाहीत.

फांदीच्या टोकाशी असलेल्या प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. हे उद्या जाऊन पाहता येईल का? हे हातात घेता येईल का? याविषयी कोणाला विचारता येईल का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली तर ती फांदी तेथेच खुडावी. दुःख, वेदना, अश्रू, एकटेपणा अशी समानार्थी शब्दांची माळ या चाचणीत लगेच उघडी पडते, कारण शब्द चार लिहिले तरी विचार एकच पाऊल पुढे गेलेला नसतो. खुडलेली फांदी खोडरबराने पुसू मात्र नये. तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी 'का सोडले' ते लिहावे, कारण पाहणाऱ्याला तीच नोंद सर्वांत जास्त सांगते.

सजावटीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मोबाइलवरच्या ॲपमध्ये तयार केलेला, सात रंगांच्या फांद्यांचा आणि गोल गुळगुळीत चौकटींचा माइंड मॅप बहुधा चित्रांनंतर केलेला असतो आणि तसा तो ओळखूही येतो. हाताने, मोठ्या कागदावर, ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत काढावा. मराठी-अहिराणी शब्दांना महाविद्यालयासाठी इंग्रजी टिपा नंतर जोडता येतात. शब्दांच्या मध्ये अंगठ्याएवढी रेखाटने असावीत. दूरच्या दोन फांद्या जोडणारा एखादा बाण सापडला तर तो जाड करावा, कारण प्रकल्प बहुतेक वेळा तेथूनच सुरू होतो.

स्केचबुक म्हणजे पक्की वही नव्हे

शाळेत कच्ची आणि पक्की अशा दोन वह्या ठेवण्याची सवय लागलेली असते, आणि ती स्केचबुकलाही लागू केली जाते. कच्ची रेखाटने सुट्या कागदांवर होतात आणि रद्दीत जातात. त्यांतली बरी निवडून चकचकीत वहीत पुन्हा काढली जातात, भोवती पट्टीने चौकट आखली जाते आणि कोपऱ्यात सही केली जाते. अशा वहीत हात कुठे अडखळला ते दिसत नाही, म्हणून शिकवणाऱ्याला या विद्यार्थ्याचे पुढे काय होईल याचा अंदाजही येत नाही. एकच वही ठेवावी, पान फाडू नये, फसलेल्या चित्राशेजारी तेच पुन्हा काढावे, आणि प्रत्येक पानावर तारीख व ठिकाण लिहावे. महिनाभराच्या तारखा एकाच दिवशी, एकाच पेनाने टाकण्याचा उद्योग करू नये. तो लपत नाही.

दुसरी नेहमीची अडचण अशी की माणसे आणि जनावरे एका जागी थांबत नाहीत, म्हणून विद्यार्थी मोबाइलवर फोटो काढून घरी येतो आणि फोटोवरून चित्र काढतो. मग सगळी चित्रे सपाट आणि एकाच उंचीवरून पाहिलेली दिसतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा जो बाजार भरतो, तो या सरावासाठी उत्तम आहे. एका पानावर पाच-सहा घोडे एकदम सुरू करावेत. घोड्याने मान वळवली की अर्धे चित्र तसेच सोडून शेजारी नवे सुरू करावे आणि तो पुन्हा पहिल्या स्थितीत आला की पहिल्या चित्राकडे परतावे. उभे जनावर तीच ती चार-पाच आसने पुन्हा पुन्हा घेते, हे थोड्या वेळात लक्षात येते. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांनाही हाच उपाय लागू पडतो.

रंगाच्या नोंदी तर बहुतेक वह्यांत नसतातच. नंदुरबारच्या मिरची पथारींवर, म्हणजे मिरच्या वाळत घालण्याच्या मोकळ्या जागांवर, जाऊन नुसते 'लाल' असे लिहिले, तर त्या नोंदीचा घरी आल्यावर काही उपयोग नाही. नुकत्याच पसरलेल्या ओल्या मिरचीत क्रिम्सन (गडद किरमिजी) जवळचा वाटतो, वाळत आलेल्या मिरचीत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळावा लागतो, आणि दुपारच्या उन्हात ढिगाची सावली काळी न दिसता जांभळट दिसते. हे तिथेच, छोट्या चौकोनांत रंग लावून, त्याखाली मिश्रण लिहून ठेवावे. नाकावर रुमाल बांधायला मात्र विसरू नये, नाहीतर ठसक्याच्या भरात चौकोन एकही धड उमटणार नाही.

उसने विषय, उसनी परंपरा

पिंटरेस्टवरच्या डोळ्यांची, फुलपाखरांची आणि अर्ध्या चेहऱ्यांची नक्कल करू नये, हे सर्वांना माहीत असते आणि तरी केली जाते. त्याहून अवघड चूक म्हणजे 'आपली लोककला' म्हणून वारली चित्रांची पाने भरणे. वारली ही डहाणू-पालघर भागातील कला आहे. खानदेशातील विद्यार्थ्याने ती आपली म्हणून दाखवली, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला त्याची पंचाईत होते. ज्याच्या घरी श्रावणात कानबाई ही खानदेशातील देवी बसते, त्याच्या वहीत नारळाच्या रूपातील कानबाईची मांडणी, रोटांची तयारी आणि सोमवारी विसर्जनाला निघालेल्या बायकांच्या पाठमोऱ्या आकृती सापडू नयेत, याचे नवल वाटते.

अजिंठ्याबाबत उलटा प्रकार घडतो. लेणी जळगावहून एका दिवसात पाहून येण्याजोगी आहेत, आणि तरीही तेथील प्रसिद्ध भित्तिचित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व इंटरनेटवरच्या फोटोवरूनच काढला जातो. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तेथे बसून केल्या. तितके आज कोणी मागत नाही. परंतु लेणे क्रमांक १ मधील छताच्या एका चौकोनाची मांडणी, अपूर्ण राहिलेल्या लेणे क्रमांक २४ मधील छिन्नीच्या खुणा, आणि दारातून आत येणारा उजेड किती खांबांपर्यंत पोचतो, एवढ्या तीन नोंदी जागेवर केल्या तरी ते पान नकलेपेक्षा वजनदार ठरते. लेणी सोमवारी बंद असतात. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, म्हणून ४बी आणि ६बी या मऊ, गडद पेन्सिली न्याव्यात. ओले रंग घरीच ठेवावेत.

चित्रकारांच्या अभ्यासाचे पान हाही भरतीचा प्रकार झाला आहे. जन्मतारीख, पुरस्कार आणि इंटरनेटवरून छापून चिकटवलेले एक चित्र, एवढ्यावर ते संपते. त्याऐवजी त्या कलावंताचा एखादा निर्णय उचलावा आणि तो स्वतः करून पाहावा. १९३६ च्या फैजपूर येथील काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या, गावात सहज मिळणाऱ्या साहित्यातून तेथील नगराची सजावट उभी केली होती. त्यावर टिपण लिहिणाऱ्याने कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणि सुतळी घेऊन हातभर कमान बांधून पाहावी आणि ती कुठून कलंडते ते काढावे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर वस्तू मांडून त्यांतून छायाचित्रांत वेगळेच देखावे उभे करीत. त्यांच्यावरचे पान स्वयंपाकघरातल्या चार वस्तू आणि एक टॉर्च यांच्या साहाय्याने भरता येते.

कागद, रंग आणि उन्हाळा

साहित्याच्या तक्रारी बहुतेक कागदाच्या असतात. पेन्सिल आणि पेनासाठी १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) कार्ट्रिज कागद, म्हणजे रेखाटनाचा जाडसर कागद, पुरतो, पण त्यावर जलरंगाचा ओला थर दिला की पान लाटेसारखे उठते. जलरंगाचे काम ३०० जीएसएमच्या कागदावर करून तो तुकडा वहीत चिकटवावा. चिकटवताना पातळ केलेला फेव्हिकॉल वापरू नये, त्यानेही पान आकसते. ग्लू स्टिक किंवा कोपऱ्यांना दुहेरी टेप बरी. ओले पान, फूल किंवा साल थेट चिकटवली तर बुरशी येते आणि शेजारची दोन पाने खराब होतात. आधी रद्दीत दाबून पूर्ण वाळवावे, नाहीतर नुसता ठसा घ्यावा.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जलरंगाचा सपाट थर अर्ध्यावरच वाळून कडा धरतो. दोष ब्रशचा नसतो. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्यावा, रंग आधीच पुरेसा कालवून ठेवावा, पंखा बंद करावा आणि हे काम सकाळी आठच्या आत उरकावे. कोळशाची आणि मऊ पेन्सिलीची पाने समोरच्या पानावर उमटतात. त्यावर फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर पक्की बसवणारा फवारा) मारावे किंवा मध्ये बटर पेपर घालावा.

फोटो काढताना आणि फाइल पाठवताना

वही चांगली असूनही शेवटी ऑनलाइन अर्जात मार खाल्ला जातो. रात्री बल्बच्या पिवळ्या उजेडात, स्वतःच्या हाताची सावली पाडून काढलेले फोटो कामाचे नसतात. दिवसा, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ वही सपाट ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो घ्यावा. समोरासमोरची दोन्ही पाने एकत्र दाखवावीत, नुसते चांगले चित्र कापून घेऊ नये. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआयवर स्कॅन करावे. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबून लहान केली जाते, तेव्हा ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी. सायबर कॅफेत फॉर्म भरून घेताना चालक सवयीने प्रत्येक फाइल पासपोर्ट फोटोसारखी बारीक करतो. संस्थेने दिलेली मर्यादा त्याला आधी दाखवावी, आणि तयार झालेली पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून, पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी वाचता येतात की नाही ते तपासल्यावरच अर्ज पाठवावा.