फ्रिजमधली उरलेली बाटली

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तरीही एका रात्री लेक तापाने फणफणली, तेव्हा फ्रिजमधली उरलेली अँटिबायोटिकची बाटली मीच बाहेर काढली होती. लेबलवर माझ्याच अक्षरात तारीख: पावडर पाण्यात कालवून तीन आठवडे झालेले. बाटली बाजूला ठेवली आणि नुसतं तापाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नाक मात्र पुढे आठवडाभर गळत होतं. साधी सर्दी होती.

सर्दी, फ्लू आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. शेंबूड हिरवा झाला की आईबाप घाबरतात, पण तो रंग साध्या सर्दीतही येतो. खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. न्यूमोनिया आणि लघवीतला जिवाणूंचा संसर्ग यांची गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक लागतं आणि उशीर परवडत नाही. कान दुखत असेल, मूल दोन वर्षांपुढचं असेल आणि त्रास थोडका असेल, तर डॉक्टर कधी कधी 2-3 दिवस वाट बघायला सांगतात. तो हलगर्जीपणा नव्हे.

'अँटिबायोटिक देताय ना?' असं डॉक्टरांना विचारू नका. जिवाणूंचा संसर्ग कशावरून वाटतो, औषध किती दिवस द्यायचं, दोन दिवसांत उतार पडला नाही तर काय करायचं, हे विचारा. मुलाचं ताजं वजन सांगा, कारण डोस त्यावर ठरतो. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही न विचारता सांगा.

खरा गोंधळ होतो तो घरी, ड्राय सिरप म्हणजे बाटलीतली औषधाची पावडर कालवताना. आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. पाणी कमी पडलं तर प्रत्येक डोस जास्त जातो. एकाच औषधाच्या 5 मिलीत कधी 125 मिलिग्रॅम असतं, कधी 250. म्हणून मागच्या वेळचं माप या वेळी चालेलच असं नाही. घरातला चमचा नको, सिरिंज वापरा. टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा. दर वेळी बाटली हलवा. फ्रिजमध्ये ठेवायची का आणि किती दिवस चालते, हे लेबलवर असतं. कालवल्याची तारीख मात्र तुम्हीच लिहा.

दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मनाने पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. मूल खेळायला लागलं म्हणून औषध मध्येच थांबवू नका. आणि उरलेलं भावंडाला तर अजिबात नको.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर लगेच दवाखाना गाठा. मुलाचा श्वासही मोजा: मूल शांत असताना कपडा वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. 2 ते 11 महिन्यांच्या बाळात 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.