पाणथरी काढायची ठरली असेल तर

पाणथरी म्हणजे प्लीहा, डॉक्टरांच्या भाषेत स्प्लीन. ती काढायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पहिली धावपळ होते ती पैशांची आणि रक्त देणाऱ्यांची. ती हवीच. पण कॅलेंडरवर पहिली खूण करा लसींची. न्यूमोकोकस, मेनिन्गोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या निदान १४ दिवस आधी टोचून झाल्या पाहिजेत. या जंतूंभोवती कवच असतं, आणि रक्तातून त्यांना गाळून पकडण्याचं काम मुख्यतः पाणथरी करते. ती जागेवर असतानाच लस घेतली तर प्रतिकारशक्ती चांगली तयार होते.

आपल्याकडे तालुक्याच्या गावीही या लसी दुकानात तयार मिळतील असं धरून चालू नका, आधी सांगून ठेवा. चिपळूण-रत्नागिरीहून आणायच्या तर थंड डब्यातून आणा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेली लस वाया जाते. त्यापेक्षा जिथे लस आहे तिथेच जाऊन टोचून घेतलेली बरी. लसीचं नाव आणि तारीख एका कागदावर लिहून घ्या आणि तो जपून ठेवा. काही लसींचे डोस काही वर्षांनी पुन्हा घ्यावे लागतात, फ्लूची तर दरवर्षी.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा पाणथरी नेमकी कशासाठी काढतायत ते नीट समजून घ्या. तांबड्या पेशी फुटण्याच्या आनुवंशिक आजारात पित्ताशयात खडे होतात, म्हणून सोनोग्राफीत तेही बघितलंय का हे विचारा. खडे असतील तर एकाच भुलीत दोन्ही कामं होऊ शकतात. प्लेटलेट कमी होण्याच्या आजारात विचारायचं वेगळं. काही जणांच्या पोटात मूळ पाणथरीशिवाय एखादी छोटी जोडपाणथरी असते. ती आहे का ते बघितलंय का, हे विचारा. ती मागे राहिली तर प्लेटलेट पुन्हा घसरू शकतात. रुग्ण लहान मूल असेल तर शक्यतो ५-६ वर्षांचं होईपर्यंत थांबतात, तेव्हा घाई कशाला हे विचारायला संकोच नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटायचं काम दाखल होण्याआधीच उरका.

ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र हातात देतील. बरेच जण ते फुंकत बसतात. नळी ओठांत घट्ट धरून श्वास आत ओढायचा, गोळे वर टिकवायचे. पाणथरी डाव्या बरगड्यांखाली असते, त्यामुळे दुखतं म्हणून माणूस श्वास वरवर घेतो आणि डाव्या फुप्फुसाचा तळ नीट फुलत नाही. दाखल व्हायच्या आधी घरीच सवय केली तर फार सोपं जातं.

आता घरची तयारी, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी हिचीच वाटते. पाणथरी नसलेल्या माणसाला ताप आला तर काढा, पेज आणि ‘सकाळपर्यंत बघू’ हे चालणार नाही. सकाळी नुसती कणकण असलेला माणूस संध्याकाळपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो. पहिल्या दोन वर्षांत धोका जास्त, पण तो जन्मभर राहतो. म्हणून घरी थर्मामीटर हवा, आणि १००.४ च्या वर पारा गेला की घ्यायची अँटिबायोटिक डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली हवी. गोळी घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. गोळी लागू पडते का ते बघत घरी थांबायचं नाही. रात्री फेरीबोट बंद असते, पावसात घाटात दरड येते. तेव्हा कोणत्या रस्त्याने जायचं, गाडी कोणाची, १०८ ला वाडीची खूण काय सांगायची, हे आजच ठरवा. मच्छरदाणी वर्षभर बांधा, कारण अशा माणसाला मलेरिया जड जातो. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकचंही विचारा.

माडावरून पडून किंवा मोटारसायकलचं हँडल पोटात घुसून पाणथरी फुटते तेव्हा तयारीला वेळच नसतो. पोटाला मार लागून डावा खांदा दुखू लागला तर बाम चोळत बसू नका, थेट सोनोग्राफी आणि सर्जन असलेल्या ठिकाणी न्या. रक्तस्राव थोडा असेल तर नुसत्या देखरेखीवरही पाणथरी वाचते, पण काही दिवसांनी ती पुन्हा फुटू शकते, म्हणून परत झाडावर चढणं डॉक्टर सांगतील तेव्हाच. काढावीच लागली तर लसी साधारण १४ दिवसांनी सुरू करतात. टाके काढले, माणूस हिंडू-फिरू लागला की नेमकं हेच राहून जातं. डिस्चार्ज कार्डावर लसींची तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.