जीन केलीवर प्रश्नमंजुषा काढायची असेल तर

आमच्या सोसायटीत दर कोजागिरीला गच्चीवर सिनेमाची प्रश्नमंजुषा रंगते आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात आहे. हिंदी-मराठीवर मंडळी तुटून पडतात, म्हणून एक फेरी मी मुद्दाम परक्या मुलखातली ठेवते. एका वर्षी ती हॉलिवूडचा नाचणारा नट जीन केली याच्यावर होती. पहिलाच प्रश्न टाकला: 'सिंगिंग इन द रेन'च्या त्या प्रसिद्ध गाण्यात पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात काय मिसळलं होतं? उत्तर, दूध. सगळ्यांच्या हातात मसाला दुधाचे पेले, त्यामुळे हशाही पिकला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, दूध कशाला घालतील? मागून लाइट मारला की पाऊस दिसतोच."

बोलणारे काका स्टुडिओत लाइटमन होते, आता निवृत्त. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमच्या गॅलरीतला दिवा घालवला आणि कुंड्यांवर मारायचा फवारा उडवला. मी टॉर्च आमच्या बाजूने धरला तर थेंब दिसेनात. काकांनी तोच पलीकडून, आमच्याकडे तोंड करून धरला आणि एकेक थेंब लखलखायला लागला. केलीच्या गाण्यातही पाऊस असाच मागून उजळला होता. दुधाची गोष्ट म्हणजे शब्दशः लोणकढी थाप!

तेव्हापासून मी आधी सिनेमा बघते, मग प्रश्न लिहिते. गाणं दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग नजर पायांकडे जाते. केली जिथे पाय आपटतो तिथे नेमकं डबकं कसं असतं? कारण नाचाच्या हिशेबाने रस्त्यात खळगे खणून घेतले होते. हा प्रश्न क्लिप दाखवूनच विचारा, नुसत्या तोंडी विचारण्यात मजा नाही. चित्रीकरणाच्या वेळी त्याला १०३ ताप होता, हेही सगळीकडे सांगतात. ते किस्सा म्हणून जरूर सांगा, पण त्यावर गुण ठेवू नका. पडद्यावर ताप दिसत नाही.

एक सापळा हमखास ठेवा: हे गाणं १९५२च्या या सिनेमासाठीच लिहिलं, खरं की खोटं? बहुतेक जण 'खरं' म्हणून मोकळे होतात. ते 'हॉलिवूड रिव्ह्यू ऑफ १९२९' या सिनेमात आधीच येऊन गेलं होतं.

जन्मतारखा विचारू नका, लोक जांभया देतात. २३ ऑगस्ट १९१२, पिट्सबर्ग, हे ओळख करून देताना सांगून टाका. अर्थशास्त्राचा पदवीधर होता हेही सांगा, आमच्याकडे त्यावर एका काकूंनी मुलाकडे असं काही बघितलं! आयुष्यावरचा प्रश्न दोन टप्प्यांत विचारला तर बरा. 'ईस्टर परेड' (१९४८) केली करणार होता, पण घोटा मोडला. त्याच्या जागी, नाच सोडून घरी बसलेला कोण परत आला? फ्रेड अस्टेअर. मग जादा गुणासाठी: घोटा नाचताना मोडला का? नाही, व्हॉलीबॉल खेळताना. पोरांसाठी 'अँकर्स अवे' (१९४५) आहेच, कार्टूनमधल्या कोणत्या उंदराबरोबर केली नाचला? जेरीचं नाव माइक पोचायच्या आत येतं.

शेवटी ठेवावा असा माझा लाडका प्रश्न आवाजाचा आहे. तो सावकाश वाचा, नाहीतर गोंधळ उडतो. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये मूकपटांची नटी लीना हिचा आवाज किरटा, म्हणून तिच्या जागी कॅथी बोलते आणि गाते, असं दाखवलंय. कॅथी म्हणजे डेबी रेनॉल्ड्स. तर प्रश्न असा: कॅथी लीनासाठी संवाद बोलते तिथे आपल्याला प्रत्यक्षात कोणाचा आवाज ऐकू येतो? सगळे डेबी म्हणतात. तो असतो लीनाचं काम करणाऱ्या जीन हेगनचा! ती मुळात छान बोलायची, किरटेपणा सगळा अभिनय होता. आणि त्याच कथेत 'वुड यू' हे गाणं डेबीच्या तोंडी असलं तरी गायलंय बेटी नॉइजनं. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे चटकन कळतं, आणि मग दहा मिनिटं कोण कोणासाठी गायलं यावरच वाद चालतो. तो चालू द्या. पुढची फेरी थांबली तरी चालेल, दूध मात्र गार व्हायच्या आत वाटून घ्या.

उत्तरांच्या कागदावर प्रत्येक उत्तरापुढे ते सिनेमात कितव्या मिनिटाला दिसतं तेही लिहून ठेवते. कोणी हुज्जत घातली की क्लिप लावायची. आणि कागद आदल्या दिवशी लाइटमन काकांकडे जातो. यंदा त्यांनी दोन प्रश्नांवर पेन्सिलीने फुली मारली आहे. एक मी काढला. दुसऱ्यासाठी त्यांना आज संध्याकाळी सिनेमा दाखवायला बोलावलंय.