लिथियम सेल घेताना नुसता एमएएच बघू नका, या चुका टाळा

गच्चीवर तापमानाचा सेन्सर लावला होता, ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) वर, लिथियम सेलवर चालणारा, आणि वायफाय चालू झालं की तो रिसेट व्हायचा. लॅपटॉपच्या यूएसबीवर मात्र एकदम व्यवस्थित चालायचा, त्यामुळे दोन दिवस कोडमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी बोर्ड बॅटरीवरच ठेवून फक्त टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) आणि ग्राउंडची वायर यूएसबी-सिरियल मॉड्यूलला जोडली, तर मॉनिटरवर ओळ दिसली, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. म्हणजे कोड बरोबर होता, जास्त करंट लागला की व्होल्टेज खाली पडत होतं.

सेल होता १८६५०, वर ठळक छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. हीच सगळ्यात मोठी चूक, छापलेला आकडा बघून सेल घेणं. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, आणि एवढ्या जागेत चांगल्यात चांगल्या कंपनीचा सेलही साधारण ३५००-३६०० एमएएचच देतो, त्याच्या बराच पुढचा आकडा दिसला की सरळ परत ठेवा. घरी किचनचा वजनकाटा असेल तर सेल त्यावर ठेवून बघा, चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, माझा भरला ३१. आतलं मटेरियलच कमी असेल तर करंट येणार कुठून?

पण खरं सांगायचं तर चांगला सेल टाकल्यावरही रिसेट थांबले नाहीत, नुसते कमी झाले. दुसरा दोष होता रेग्युलेटरचा, म्हणजे सेलचं व्होल्टेज बोर्डाला लागणाऱ्या ३.३ वर स्थिर ठेवणाऱ्या चिपचा. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ असतो, त्याला आउटपुटपेक्षा साधारण १ व्होल्टहून जास्त इनपुट लागतं, म्हणजे ३.३ व्होल्ट नीट मिळायला ४.४ च्या आसपास हवेत, आणि लिथियम आयन सेल फुल चार्ज असला तरी ४.२! मग तो उतरत ३.७ वर आला की वायफायच्या झटक्याला काही उरतच नाही. इथे कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आउटपुटपेक्षा थोडंसंच जास्त इनपुट लागणारा रेग्युलेटर लावा, एपी२११२के चालतो, ६०० मिलिअ‍ॅम्प देतो, शिवाय ईएसपीच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. कमी ड्रॉपआउटचा म्हणून एचटी७३३३ घेणारे पण खूप आहेत, तो २५० मिलिअ‍ॅम्पचा, झोपणाऱ्या सेन्सरला छान पण वायफायला अपुरा.

म्हणून आधी लोड, म्हणजे सेलवर काय चालवायचंय ते बघायचं, मग सेल. मोटर किंवा सर्व्हो असेल तर एमएएचपेक्षा कंटिन्युअस डिस्चार्ज करंट, म्हणजे सेल सतत किती करंट देऊ शकतो ते महत्त्वाचं. सॅमसंगचा ३५ई ३५०० एमएएचचा पण ८ अ‍ॅम्पचा, आणि २५आर २५०० चा पण २० अ‍ॅम्पचा, कपॅसिटी कमी दिसली तरी मोटरसाठी दुसराच घ्यावा.

आता चार्जिंग. टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं छोटं मॉड्यूल सगळ्यांकडे असतं आणि ते जसं येतं तसं १ अ‍ॅम्पने चार्ज करतं, १८६५० ला ठीक आहे, पण तेच ५०० एमएएचच्या चपट्या पाउचला (फॉइलच्या पिशवीतल्या लिथियम सेलला) लावलं तर दुप्पट वेगाने करंट कोंबल्यासारखं होतं, पाउच गरम होतो आणि लवकर फुगतो. मॉड्यूलवर १२२ लिहिलेला रेझिस्टर असतो, १.२ किलोओहमचा. तो काढून ५ किलोओहम लावला की करंट २५० मिलिअ‍ॅम्पवर येतो, १० किलोओहम लावला तर १३० वर. सोल्डरिंगला पाच मिनिटं लागतात, जरूर करा. चार्जिंग चालू असतानाच प्रोजेक्टही चालू ठेवलात तर अजून एक घोळ होतो, चिप करंट सेट केलेल्याच्या दहाव्या भागावर आला की चार्जिंग थांबवते, पण लोड त्यापेक्षा जास्त ओढत असेल तर तिला वाटतं सेल अजून भरतोय आणि ती थांबतच नाही.

एलएफपी सेल, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हे ३.२ व्होल्टचे असतात आणि ३.६५ ला फुल होतात. त्यांना टीपी४०५६ लावू नका, ते ४.२ पर्यंत नेणार. टीपी५००० मध्ये ३.६ चा पर्याय मिळतो, तो घ्या.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, होल्डर घ्या नाहीतर निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या. प्रोटेक्शनवाला (संरक्षक सर्किट जोडलेला) सेल घेतलात तर तो ६९-७० मिमी लांब असतो आणि साध्या होल्डरमध्ये अडकतो, हे मी सेल हातात आल्यावरच शिकलो. आणि पाउचचा जेएसटी कनेक्टर लावण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासाच, कनेक्टर तोच असला तरी कोणी लाल वायर डावीकडे देतो कोणी उजवीकडे, आणि उलटं लागलं की बोर्ड गेला.

पाउच थोडा जरी फुगलेला दिसला तरी त्याला टाचणी टोचून हवा काढू नका, पुन्हा चार्जही करू नका. काढा, टोकांना चिकटपट्टी लावा, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्याच्या डब्यात नको.